विषबाधेत रक्त-प्लाझ्मा चढवल्याने माणूस वाचतो का? आम्हाला उशीर झाला म्हणून तात्या गेले का?

बांधावरून
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसताच वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव दिंडोरी तालुक्यात. भाद्रपदात टोमॅटोवर फवारणी चालू होती. उरलेलं प्रोफेनोफॉस कोणीतरी कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत ओतून विहिरीवरच्या खोलीत ठेवलं होतं. माझे चुलते, तात्या, उन्हातून आले आणि पाणी समजून त्यांनी बाटली तोंडाला लावली. एक मोठा घोट पोटात गेल्यावर कळलं. घरी मिठाचं पाणी देऊन उलटी काढली, मग ग्रामीण रुग्णालय, तिथून नाशिकला एका खासगी दवाखान्यात. रात्री अकराला डॉक्टरांनी चिठ्ठी दिली की प्लाझ्माच्या चार पिशव्या आणा.

चुलतभाऊ २३ वर्षांचा. पावसात मोटारसायकल काढून तो रात्रभर फिरला. द्वारका, शालिमार, गंगापूर रोड, परत आडगाव नाका. पहाटे तीनला दोन पिशव्या मिळाल्या, सकाळी एक. चौथी मिळालीच नाही. पाचव्या दिवशी तात्या गेले.

दशक्रियेला रामकुंडावर पाहुण्यांपैकी एकजण सगळ्यांसमोर म्हणाला, "रक्त वेळेत मिळालं असतं तर माणूस हातचा गेला नसता." तेव्हापासून पोरगं नीट जेवत नाही. "माझ्यामुळे गेले" एवढंच म्हणतो. मला खरं काय ते हवंय, धीर देण्यापुरतं नको. अशा विषात रक्त किंवा प्लाझ्मा देऊन माणूस वाचतो का?

पेठरोड
फार वाईट झालं. तात्यांना श्रद्धांजली. त्या पाहुण्याला रामकुंडावरच कोणी गप्प करायला हवं होतं.

मोसम_खोरं
दादा, वाईट वाटेल, पण खरं मागितलंत म्हणून सांगतो. रक्ताने माणूस वाचतो. माझा मावसभाऊ सटाण्याजवळचा, शेतातलं औषध पोटात जाऊन अत्यवस्थ झाला होता. ओठ, नखं काळीनिळी. डॉक्टरांनी अंगातलं रक्त काढून दुसरं भरलं. आज तो डाळिंबाची बाग बघतोय. त्यामुळे रक्ताचा उपयोग होत नाही असं कोणी म्हटलं तर मी ऐकणार नाही. तुमच्या भावाचा दोष नाही, नाशिकसारख्या शहरात रात्री पिशवी मिळू नये हा दोष आहे.

गोदाघाट
आमच्याकडे फवारणीलाही "औषध मारणं" म्हणतात आणि विष घेतलं तरी "औषध घेतलं" म्हणतात. वीस वर्षांपूर्वी गावाहून फोन आला, "अण्णांनी औषध घेतलंय." माझी आई इकडे सिडकोत. ती म्हणाली, "बरं झालं, आता ताप उतरेल." पलीकडे आत्या रडतेय आणि इकडे आई तिला सांगतेय की वर थोडं गरम दूध द्या. अण्णा वाचले, आणि पुढे दर दिवाळीला तेच हा किस्सा सांगून सगळ्यांना हसवायचे. पण शब्दच असा आहे की बाटलीवर विष लिहिलेलं असलं तरी घरात त्याचं नाव औषधच राहतं. लहान मुलाला काय कळणार?

कळवणचा_डॉक
बांधावरून, मी ग्रामीण भागात पंधरा वर्षं हेच रुग्ण बघतो. कागद न पाहता तात्यांच्या बाबतीत काही ठरवणार नाही. पण मूळ प्रश्नाला उत्तर देता येतं.

प्रोफेनोफॉस हे ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं विष. आपल्या नसा स्नायूंना आणि ग्रंथींना निरोप देतात तो अ‍ॅसिटिलकोलिन नावाच्या रसायनाने. निरोप पोचला की ते रसायन पुसून टाकणारं एक एन्झाइम असतं, कोलिनएस्टरेज. विष त्या एन्झाइमला जाऊन चिकटतं आणि ते निकामी करतं. मग निरोप थांबतच नाही. लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, जुलाब, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, नाडी मंद, स्नायू फडफडतात. जीव जातो तो मुख्यतः श्वासामुळे. छाती स्रावाने भरते, मेंदूतून श्वासाचा हुकूम बंद पडतो आणि छातीचे स्नायू दमतात.

उपचाराचा कणा म्हणजे अ‍ॅट्रोपिन, ऑक्सिजन आणि गरज पडली तर व्हेंटिलेटर. अ‍ॅट्रोपिन स्वस्त आहे आणि तालुक्याला मिळतं. महत्त्व ते कसं देता याला आहे. १.८ ते ३ मिलिग्रॅमने सुरुवात करायची, पाच मिनिटांनी छाती ऐकायची, ओली असेल तर डोस दुप्पट, परत पाच मिनिटांनी दुप्पट. छाती कोरडी होऊन नाडी ८० च्या वर आणि रक्तदाबाचा वरचा आकडाही ८० च्या वर जाईपर्यंत थांबायचं नाही. मग तेच सलाईनमधून सावकाश चालू ठेवायचं. बांगलादेशात चितगावला याची तुलना झाली आणि २०१२ साली ती छापून आली. जुन्या पद्धतीने ठरावीक अंतराने इंजेक्शनं दिली त्या गटात २२.५ टक्के दगावले, दुप्पट करत गेलेल्या गटात ८ टक्के. औषध दोन्हीकडे तेच होतं.

आता प्लाझ्मा, म्हणजे पेशी काढल्यावर उरणारा रक्ताचा पातळ भाग. कल्पना अशी की प्लाझ्मात त्याच जातीचं एक एन्झाइम असतं, ब्युटिरिलकोलिनएस्टरेज. बाहेरून भरपूर दिलं तर फिरतं विष त्याला चिकटेल आणि नसांकडचं वाचेल. कल्पना चांगली आहे. तुर्कस्तानात २००४ च्या सुमारास थोड्या रुग्णांत ती आशादायक वाटली. मग आपल्याकडे वेल्लोरला ६० रुग्णांवर रीतसर तुलना केली, २०१० साली प्रसिद्ध झाली. काहींना प्लाझ्मा, काहींना अल्ब्युमिन (रक्तातलंच एक प्रथिन), काहींना साधं सलाईन. प्लाझ्मावाल्यांच्या रक्तात एन्झाइमचा आकडा वाढला. पण मृत्यू, व्हेंटिलेटरचे दिवस यांत सिद्ध होईल असा फायदा दिसला नाही. चीनमध्ये ताज्या लाल पेशी देऊन पाहिल्या आहेत, २०१७ मध्ये त्याबद्दल चांगलं लिहून आलं, पण तो अभ्यासही छोटा. म्हणून आज प्लाझ्मा हा या विषावरचा ठरलेला उपचार नाही. कोणी डॉक्टर सगळे उपाय करून पाहताना तो जोडतो, त्यात गैर नाही. पण त्यावाचून माणूस गेला असं कोणी म्हणू शकत नाही.

मोसम_खोरं
डॉक्टर, तुमचा अभ्यास मोठा, पण माझा भाऊ जिवंत आहे त्याचं काय? डोळ्यांनी पाहिलंय. बाटलीत काढलेलं रक्त काळपट चॉकलेटसारखं होतं, बदलल्यावर लाल झालं.

कळवणचा_डॉक
चॉकलेटसारखं होतं? मग कोणतं औषध होतं ते आठवतंय का? कीटकनाशक होतं की फुलं येण्यासाठी मारतात ते?

निफाडकर
मी द्राक्षवाला. विषय निघालाच आहे तर आमच्याकडचं सांगतो. ऑक्टोबर छाटणी झाली की काडीला पेस्ट लावतात, हायड्रोजन सायनामाइड, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून. मजूर हातमोजे देऊनही काढून ठेवतात, स्पंजने लावायला अडचण होते म्हणून. आणि संध्याकाळी कोणी थोडी घेतली की चेहरा लालबुंद, छाती धडधड, चक्कर. पहिल्या वर्षी मला वाटलं दारूच खराब असेल. नंतर कळलं की ही पेस्ट अंगात असताना दारू घेतली की असं होतंच, रक्तदाब पार खाली जातो. आता पेस्टच्या दिवसांत मी टोळीला आधीच सांगतो, आज आणि उद्या अजिबात नाही. मुकादमाला राग येतो, येऊ दे.

डॉक्टरांना विचारायचं होतं, फवारणीच्या ब्लोअरवर बसणारा पोरगा दिवसभर भिजतो. अंगावरूनही एवढी बाधा होते का?

रातपाळी
मी आयसीयूत सिस्टर आहे, नाशिकमध्येच. निफाडकर दादा, होते. कातडीतून, श्वासातून, ओल्या कपड्यांतून. २०१७ मध्ये यवतमाळला कपाशीवर फवारताना वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो भरती झाले, त्यांनी बाटली तोंडाला लावली नव्हती. म्हणून रुग्ण आला की आम्ही आधी कपडे उतरवतो, पिशवीत बांधून बाहेर ठेवतो, साबणाने केसांपासून नखांपर्यंत धुतो. नातेवाईक ओरडतात, "इकडे माणूस मरतोय आणि तुम्ही आंघोळ घालताय!" पण तोही उपचारच आहे.

अ‍ॅट्रोपिनबद्दल डॉक्टरांनी लिहिलं त्यात माझी भर. आपल्याकडे एका अ‍ॅम्प्यूलमध्ये ०.६ मिलिग्रॅम असतं. म्हणजे ३ मिलिग्रॅमला पाच फोडायच्या, मग दहा, मग वीस. एका रुग्णाला पहिल्या तासात मी एकटीने साठ-सत्तर फोडल्या आहेत. बोटं कापतात, पट्टी लावून पुढची फोडायची. नंतर रुग्ण तापतो, हात हवेत फिरवतो, नसलेल्या माणसांशी बोलतो. नातेवाईकांना वाटतं वेड लागलं, विष मेंदूत गेलं. ते अ‍ॅट्रोपिन जरा जास्त झाल्याचं लक्षण असतं, डोस कमी केला की उतरतं. अशा वेळी शिव्या खाल्ल्या आहेत, पण तो बडबडणारा माणूस आठव्या दिवशी चालत घरी जातो तेव्हा सगळं भरून निघतं.

बांधावरून दादा, तुमच्या भावाने रात्रभर जे केलं ते प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी करतं. दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी रोज बघते.

लाल_पिशवी
मी रक्तपेढीत तंत्रज्ञ. "नाशिकमध्ये पिशवी मिळू नये" याबद्दल थोडं. प्लाझ्मा उणे १८ अंशांच्या खाली, बहुतेक ठिकाणी उणे ३० ला, गोठवून ठेवतात. वर्षभर टिकतो. मागणी आली की ३७ अंशांच्या पाण्यात वितळवायला वीस ते तीस मिनिटं जातात, ते घाईने होत नाही. एकदा वितळला की परत गोठवून साठ्यात ठेवता येत नाही. गट जुळावा लागतो, एबी गटाचा प्लाझ्मा कोणालाही चालतो पण तो दाते कमी म्हणून कमी. त्यात डेंग्यू, बाळंतपणं, अपघात. भाद्रपद-अश्विनात साठा तसाही खाली असतो, सुट्ट्या आणि सणांत शिबिरं होत नाहीत.

रात्री भिजत आलेले पोरगे मी काउंटरवर रोज बघतो. एकच विनंती, एकाच माणसाला पाच पेढ्यांवर फिरवू नका. दवाखान्यातून फोन करायला सांगा, पेढ्या एकमेकींकडे चौकशी करतात. आणि पिशवी बर्फाच्या पेटीतून न्या, शर्टाच्या आत घालून नाही. ती आत घालून नेणारे मी पाहिले आहेत, ऊब लागावी म्हणून.

बांधावरून
लाल_पिशवी, भावाने तसंच नेलं होतं. शर्टाच्या आत.

आकडेमोड
मी अंबड एमआयडीसीत इंजिनिअर, वैद्यकीय काही कळत नाही. पण डॉक्टरांनी "एन्झाइमला विष चिकटतं" लिहिलं तेव्हा मी एक हिशोब मांडून पाहिला. डॉक्टर, चुकलं तर दुरुस्त करा.

एक लिटर प्लाझ्मात ते एन्झाइम साधारण चार-पाच मिलिग्रॅम. एन्झाइमचा रेणू अवाढव्य, त्याच्या एका जागेला विषाचा एकच रेणू चिकटतो आणि तो तिथे अडकला की ती जागा संपली. वजनांचं प्रमाण लावलं तर एक लिटर प्लाझ्मा सुमारे वीस मायक्रोग्रॅम प्रोफेनोफॉस अडवू शकतो. चार पिशव्या म्हणजे जवळपास तेवढाच, एक लिटरच्या आत-बाहेर.

५० टक्के औषधाच्या एका घोटात विष असतं काही ग्रॅम. एक ग्रॅम म्हणजे दहा लाख मायक्रोग्रॅम. त्यातलं बहुतेक चरबीत, पोटात, इतरत्र असेल असं धरू. त्याचा हजारावा भाग जरी रक्तात फिरत असला तरी काही हजार मायक्रोग्रॅम, आणि समोर चार पिशव्यांचे वीस. विहिरीला आग लागल्यावर तांब्याने पाणी मारावं असा हा प्रकार वाटतो मला.

पेठरोड
विहिरीला आग? 😄 विहिरीतच पाणी असतं हो! पण कळलं, आणि पटलंही.

आकडेमोड
गवताच्या गंजीला म्हणायचं होतं. रात्रीचे दीड वाजलेत.

कळवणचा_डॉक
हिशोब बरोबर आहे. यात एक गोम आणखी आहे, ती नातेवाईकांना माहीत हवी. प्लाझ्मा दिल्यावर कोलिनएस्टरेजची तपासणी केली की आकडा वर जातो. सगळे खूश होतात. पण तो आकडा पिशवीतून आलेल्या एन्झाइमचा असतो. स्नायूजवळचं एन्झाइम त्याने सुधारत नाही, ते शरीराला नव्याने बनवावं लागतं. त्याला दिवस, कधी आठवडे लागतात, आणि तोवर माणसाचा श्वास चालू ठेवणं एवढंच आपलं काम. रुग्ण कसा आहे हे मान उचलतो का, श्वास किती खोल आहे, यावरून ठरतं.

शिवाय प्लाझ्मा निर्धोक नाही. क्वचित त्याने फुफ्फुसांना सूज येते, पाणी जास्त होतं. ज्याची छाती आधीच ओली आहे त्याला हे परवडत नाही.

दुसरं औषध पॅम, म्हणजे प्रालिडॉक्सिम. त्याबद्दलही मतभेद आहेत. आपल्या बारामतीच्या डॉक्टरांनी २०० रुग्णांवर काम करून २००६ मध्ये लॅन्सेटमध्ये दाखवलं की पहिले ४८ तास सलग मोठ्या डोसने दिलं तर फायदा होतो. श्रीलंकेत २००९ ला फायदा दिसला नाही. मी वेळेत आलेल्याला देतो.

मोसम_खोरं, तुमच्या उत्तराची वाट बघतोय.

मोसम_खोरं
आत्ता मावसभावाशी बोललो. तुमचा अंदाज खरा निघाला. कीटकनाशक नव्हतं. फुलं भरपूर यावीत म्हणून मारतात ते, बाटलीवर नायट्रोबेन्झिन लिहिलेलं. त्याने सांगितलं की आधी एक निळं इंजेक्शन दिलं, लघवीही निळी झाली होती, त्याने भागेना म्हणून रक्त बदललं.

कळवणचा_डॉक
मग तुम्ही पाहिलं ते अगदी खरं आहे, आणि डॉक्टरांनी अचूक केलं. नायट्रोबेन्झिन रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच मेथहिमोग्लोबिन करून टाकतं. तो ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही, रक्त चॉकलेटी, ओठ निळे. त्यावर मेथिलिन ब्लू, तेच तुमचं निळं इंजेक्शन. त्याने भागलं नाही किंवा रुग्णाला जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असली तर रक्त बदलतात. तिथे बिघाड रक्तातच आहे, म्हणून रक्त बदलून फायदा.

उंदीर मारायच्या ब्रोमाडायोलोनमध्येही तसंच. ते रक्त गोठू देत नाही, म्हणून व्हिटॅमिन के, आणि रक्तस्राव असेल तर प्लाझ्मा हवाच. पिवळ्या फॉस्फरसच्या उंदराच्या पेस्टने यकृत जातं, तिथे प्लाझ्मा बदलण्याचा प्रयोग करतात. ऑर्गॅनोफॉस्फेटमध्ये मात्र बिघाड नसांच्या टोकाशी आहे. रक्त हा तिथे फक्त रस्ता.

मोसम_खोरं
बांधावरून दादा, मी पहिल्या प्रतिसादात ठासून बोललो. सगळी विषं एकच समजलो. तुमच्या भावाने तो वाचला असेल तर त्याला सांगा, सटाण्याचा माणूस चुकला होता.

सेवाकेंद्र
माझं चांदवडकडे कृषी सेवा केंद्र आहे. डॉक्टर विचारतात "कोणतं औषध", आणि घरचे सांगतात "ते पांढरं", "ते वासाचं". बाटली सोबत न्या. निदान लेबलचा फोटो. लेबलवर चौकोनात रंगाचा त्रिकोण असतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निरुपद्रवी असं नाही. विषावर उतारा काय तेही लेबलवर छापलेलं असतं, डॉक्टरसाठीच.

आणि आमच्या धंद्यातलीही एक चूक कबूल करतो. शेतकरी म्हणतो, "अर्धा लिटरच द्या", आणि मोठ्या डब्यातून साध्या बाटलीत ओतून देणारे दुकानदार आहेत. मीही सुरुवातीला दिलंय. आता नाही देत. बिहारमध्ये २०१३ ला शाळेच्या दुपारच्या जेवणातून २३ मुलं गेली, मोनोक्रोटोफॉस, तेलाच्या डब्यात होतं म्हणून. ती बातमी वाचली त्या रात्री झोप लागली नाही.

लेक_चांदवडची
मिठाच्या पाण्याचं विचारायचं होतं. आमच्याकडे ताक पाजतात, कोणी दूध-तूप पाजतात. द्यावं का?

कळवणचा_डॉक
काहीच पाजू नका, उलटी काढू नका. गुंगीत उलटी झाली की ती श्वासनलिकेत जाते. माणसाला डाव्या कुशीवर झोपवा, कपडे काढा, अंग धुवा, धुणाऱ्याने हातमोजे नाहीतर प्लास्टिकच्या पिशव्या घालाव्यात. १०८ ला फोन. दवाखान्यातून दिल्लीच्या एम्सच्या विष माहिती केंद्रालाही विचारता येतं, १८०० ११६ ११७, चोवीस तास.

रातपाळी
आणि कोणी मुद्दाम घेतलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. पोलीस केसच्या भीतीने "चुकून पडलं" सांगतात, किती घेतलं ते लपवतात, त्यात पहिला तास जातो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंतर अशा माणसाला आरोपी म्हणून बघत नाहीत, तो तणावात होता असंच धरतात. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या मनात तसं काही येत असेल तर १४४१६ लावा. टेलिमानस आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

बांधावरून
सगळ्यांचे आभार. दोन दिवस लिहायचं धाडस झालं नाही. दवाखान्याचे कागद काढून बसलो. डॉक्टर, त्यात असं आहे. पहिल्या दिवशी अ‍ॅट्रोपिन दर पाच-दहा मिनिटांनी, मग सलाईनमधून चालू. पॅमही आहे. दुसऱ्या दिवशी तात्या बोलत होते, चहा मागितला होता, ते मी स्वतः ऐकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी लिहिलंय, मान उचलता येत नाही, श्वास उथळ. दुपारी व्हेंटिलेटर. चौथ्या दिवशी उजव्या फुफ्फुसात न्यूमोनिया. प्लाझ्माची तिसरी पिशवी दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला संपली.

दुसरं. मिठाचं पाणी काकूने दिलं होतं. ती हा धागा वाचणार नाही, मी तिला सांगणारही नाही.

कळवणचा_डॉक
कागदांवरून दिसतं की उपचार नीट झाले. दुसऱ्या दिवशी बरं वाटून तिसऱ्या दिवशी मान न उचलणं, याला इंटरमिजिएट सिंड्रोम म्हणतात. विष घेतल्यापासून एक ते चार दिवसांत येतो. मानेचे, खांद्याचे आणि श्वासाचे स्नायू एकदम गळतात. त्यावर अ‍ॅट्रोपिन चालत नाही आणि प्लाझ्मानेही तो टळतो असं वेल्लोरच्या अभ्यासात दिसलं नाही. त्यावर एकच, व्हेंटिलेटर आणि वाट बघणं. ते तात्यांना वेळेत मिळालं. पुढे न्यूमोनियाने गाठलं.

चौथी पिशवी मिळाली असती, किंवा चारही रात्री बारालाच आल्या असत्या, तरी या कागदांतली एकही ओळ बदलली असती असं मला वाटत नाही. डॉक्टर म्हणून, नाव लावून सही करायला सांगितलंत तरी हेच लिहीन.

आणि काकूंबद्दल. ईसी, म्हणजे पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणाऱ्या तेलकट प्रकारच्या औषधात सॉल्व्हंट असतं. पिताना ठसका लागला तरी ते थेट फुफ्फुसात उतरतं. न्यूमोनिया कशाने झाला हे कोणालाच सांगता येणार नाही. त्यांना न सांगणंच बरोबर.

निफाडकर
दादा, आमच्या शेडमधल्या सगळ्या बाटल्या आज बाहेर काढल्या. तीन कोल्ड्रिंकच्या निघाल्या. एकीवर काय आहे ते मलाही आठवेना. कुलपाची पेटी घेतोय.

सेवाकेंद्र
त्या तीन ओढ्यात ओतू नका. दुकानात आणून द्या, मी कंपनीच्या माणसाशी बोलतो.

बांधावरून
काल रात्री भावाला ओट्यावर बसवून सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला. पहिल्यापासून. आकडेमोडचा हिशोब त्याने दोनदा वाचायला लावला, मग वहीत स्वतः मांडला. डॉक्टरांचं शेवटचं वाचलं तेव्हा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे मी त्या रात्री बाहेर न फिरता वर तात्यांजवळ बसलो असतो तरी चाललं असतं."

यावर काय बोलावं मला सुचलं नाही.

रातपाळी
त्याला सांगा, वर असता तरी आम्ही जवळ बसू दिलं नसतं. पहिल्या रात्री आयसीयूत कोणालाच थांबू देत नाहीत, काचेतून बघायचं आणि जिन्यात बसायचं. आणि दुसऱ्या दिवशी तात्यांनी चहा मागितला, तेव्हा तो कुठे होता ते विचारा.

बांधावरून
विचारलं. तिथेच होता. चहा त्यानेच खालून आणला होता, पण सिस्टरने पाजू दिला नाही, नुसते ओठ ओले करू दिले.